ब्रिटनमधल्या शाळेची पुडिंगं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये राहायला आलेल्या मराठी माणसाच्या एक गोष्ट लवकरच लक्षात येते. साठी-सत्तरीतले शेजारी, सहकारी, नातवंडांना शाळेतून न्यायला आलेले आजी-आजोबा यांच्यात जेवणाचा विषय निघाला की तो फिरून फिरून शाळेतल्या पुडिंगवर येतो. मग गुलाबी कस्टर्ड काय, बेडकाची अंडी काय, मेलेल्या माणसाचा हात काय, असं काहीबाही सुरू होतं आणि आपण नुसते हसऱ्या चेहऱ्याने बसून राहतो. इथे नव्याने आलेल्या मंडळींनी आणि तिकडून फोनवर चौकशा करणाऱ्या नातेवाइकांनी जे जे विचारलं, त्याची उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे.

एवढं होतं तरी काय त्या पुडिंगांत?

मैदा, साखर, चरबी किंवा मार्गारीन, दूध, जॅम. अंडी बेताची. सुका मेवा म्हणजे बेदाणे आणि मनुका, बदाम-पिस्ते नव्हेत. शेकडो मुलांसाठी एकाच वेळी मोठमोठ्या पत्र्याच्या ट्रेमध्ये भाजलेलं किंवा वाफवलेलं, चौकोनी तुकडे पाडलेलं आणि वरून कस्टर्ड ओतलेलं गोड.

माझं मत आधीच सांगून टाकते. या स्मरणरंजनात चवीचा वाटा कमी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या साधारण पस्तीस वर्षांत सरकारी शाळांत शिकलेली पोरं उत्तरेला डंडीत असोत की दक्षिणेला डोव्हरमध्ये, दुपारी जवळपास एकच जेवण जेवली. म्हणून आज दोन अनोळखी म्हातारी माणसं ट्रेनमध्ये शेजारी बसली तरी या एका विषयावर तासभर बोलू शकतात. आणि गंमत अशी, की नावडत्या पदार्थांबद्दल ती जास्त रंगून बोलतात. आवडत्या पुडिंगबद्दल दोन वाक्यं, साबुदाण्याच्या पुडिंगबद्दल वीस.

पुडिंग म्हणजे आपलं कॅरॅमल पुडिंगच ना?

नाही. इथे जेवणानंतरचं कुठलंही गोड म्हणजे पुडिंग. केकही पुडिंग, खीरही पुडिंग, आइस्क्रीमसुद्धा पुडिंग. पुढचं सगळं हे धरूनच वाचा.

शाळेत जेवण द्यायची पद्धत सुरू कधी झाली?

बोअर युद्धाच्या वेळी, म्हणजे १८९९ ते १९०२ या काळात, सैन्यात भरती व्हायला आलेले तरुण इतके किरकोळ आणि आजारी निघाले की सरकारला घाम फुटला. गरिबांची मुलं उपाशीपोटी शाळेत येतात हे कार्यकर्ते आधीपासून ओरडून सांगतच होते. यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्ड शहरात मार्गारेट मॅकमिलन आणि फ्रेड जोवेट यांनी तो मुद्दा लावून धरला होता. १९०६ च्या कायद्याने स्थानिक शिक्षण मंडळांना मुलांच्या जेवणावर खर्च करायची परवानगी मिळाली. परवानगीच, सक्ती नाही. १९०७ मध्ये ब्रॅडफर्डच्या ग्रीन लेन शाळेतल्या स्वयंपाकघरातून जेवण जाऊ लागलं. मुलांची वजनं घेऊन नोंदी ठेवल्या गेल्या. जेवण चालू असताना वजन वाढायचं, सुट्टी लागली की घटायचं.

सक्ती झाली ती १९४४ च्या शिक्षण कायद्याने. युद्ध चालू होतं, बायका कारखान्यांत कामाला होत्या, मुलं गावोगाव पांगलेली होती आणि अन्नाचं रेशनिंग होतं. शाळेत दुपारचं गरम जेवण देणं ही आता शिक्षण मंडळांची जबाबदारी ठरली. १९४६ मध्ये दुधाचा कायदा आला आणि प्रत्येक मुलाला रोज एक तृतीयांश पाइंट, म्हणजे साधारण १९० मिली दूध फुकट मिळू लागलं. ते पुढे टप्प्याटप्प्याने गेलं: १९६८ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने माध्यमिक शाळांतलं बंद केलं आणि १९७१ मध्ये शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांनी सात वर्षांवरच्या मुलांचं. ‘दूध हिसकावणारी’ हे नाव मात्र एकट्या थॅचरबाईंनाच चिकटलं.

पण रोज गोड कशासाठी?

कारण ते गोड हौसेचं नव्हतं, हिशेबाचं होतं. १९४१ मध्ये शाळेच्या जेवणासाठी पहिल्यांदा देशभराचे पोषणाचे निकष ठरले, त्यात एका जेवणातून साधारण १,००० कॅलरी मिळाव्यात असं होतं. मांस रेशनवर, लोणी रेशनवर. मग एवढ्या कॅलरी आणायच्या कुठून? मैदा आणि चरबीतून. वाफवलेल्या सुएट (म्हणजे जनावराच्या चरबीच्या) पुडिंगचा एक जाडजूड तुकडा आणि दुधातलं कस्टर्ड एवढ्यावर मूल संध्याकाळपर्यंत टिकायचं.

घरी साखरेची चणचण होती हेही लक्षात घ्या. चॉकलेट-गोळ्यांवरचं रेशनिंग फेब्रुवारी १९५३ मध्ये उठलं, साखरेवरचं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. आज जे आजी-आजोबा ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्या लहानपणी दिवसातला सगळ्यात गोड पदार्थ शाळेतच मिळायचा. त्यांच्या डोळ्यांत जी चमक दिसते तिचं कारण हे आहे. ऐंशीच्या दशकात शिकलेल्यांचं स्मरणरंजन वेगळ्या जातीचं असतं, त्यात थट्टा जास्त.

प्रत्येक गोष्टीवर कस्टर्ड का ओततात?

कोरडा तुकडा गिळता यावा म्हणून, आणि दूध पोटात जावं म्हणून. हे कस्टर्ड अंड्याचं नसतं, पावडरीचं असतं. बर्मिंगहॅमचे रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडं सोसत नसे, म्हणून त्यांनी १८३७ मध्ये कॉर्नफ्लोअर वापरून बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं. पुढे ते इतकं पसरलं की बहुतेक ब्रिटिशांच्या डोक्यात कस्टर्ड म्हणजे हेच पिवळं, व्हॅनिलाच्या वासाचं. आपल्याकडे फ्रूट कस्टर्डला वापरतात ती पावडर याच घराण्यातली. पुण्याच्या वेकफील्डचा डबा ज्यांच्या घरी असायचा त्यांना शाळेच्या कस्टर्डची अर्धी चव आधीच माहीत आहे. फरक तापमानाचा. आपण ते फ्रिजमध्ये ठेवून द्राक्षं-डाळिंबाबरोबर खातो, इथे ते चटका बसेल इतकं गरम, ॲल्युमिनियमच्या मोठ्या जगमधून ओततात.

जुन्या पद्धतीत आठ-आठ मुलांचं टेबल असायचं आणि मोठा मुलगा किंवा मुलगी सगळ्यांना वाढायची. जग टेबलावर येईपर्यंत वर जाड साय धरलेली. ती साय कोणाच्या वाटीत पडणार यावर लाथाबुक्क्या चालायच्या. काहींना ती हवी असायची, बहुतेकांना नको. गुठळ्यांचंही तसंच.

आणि हे गुलाबी कस्टर्ड?

ज्याचं नाव काढलं की पन्नाशीतली माणसं हळवी होतात ते हेच. पिवळ्या कस्टर्डसारखंच, फक्त रंग गुलाबी आणि चव स्ट्रॉबेरी किंवा रास्पबेरीची. खऱ्या फळाशी संबंध नाही. ते बहुधा चॉकलेटच्या तुकड्याबरोबर यायचं. काही शाळांत त्याऐवजी हिरवं, पेपरमिंटच्या चवीचं कस्टर्ड असे. गुलाबी की हिरवं यावर लोक अजूनही हिरिरीने भांडतात. मी दोन्ही चाखली आहेत आणि हिरव्याच्या बाजूने कोणी का बोलावं हे मला समजलेलं नाही.

भारतात मजा अशी की स्ट्रॉबेरी स्वादाची कस्टर्ड पावडर किराणा दुकानात सहज मिळते. ती घ्या, नेहमीपेक्षा थोडं जास्त दूध घालून पातळसर करा, गरम ओता. झालं गुलाबी कस्टर्ड. पिवळ्या पावडरीत लाल रंग मात्र घालू नका, त्याचं केशरी कस्टर्ड होतं.

‘बेडकाची अंडी’ म्हणजे काय?

साबुदाण्याची खीर. खरंच. टॅपिओका पुडिंगला इथली मुलं बेडकाची अंडी म्हणायची, कारण शिजलेले पारदर्शक दाणे आणि त्यातला पांढरा ठिपका तसाच दिसतो. आपला साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून, मुख्यतः तमिळनाडूतल्या सेलमच्या पट्ट्यात होतो, म्हणजे वस्तू तीच. एकादशीला आपण जे आवडीने खातो त्यावर इथली एक अख्खी पिढी नाक मुरडते, हे पहिल्यांदा ऐकल्यावर मला अपमान झाल्यासारखं वाटलं होतं.

पण त्यांची पाककृती पाहिली की राग जातो. दूध, साबुदाणा, थोडी साखर, संपलं. वेलची नाही, केशर नाही, तूप नाही. शिवाय दुसऱ्या स्वयंपाकघरात शिजवून, डब्यांत भरून, गाडीने आणलेलं, म्हणजे पोचेपर्यंत त्याचा गोळा झालेला. अनेक शाळांत स्वतःचं स्वयंपाकघरच नव्हतं. मध्यवर्ती ठिकाणी अन्न शिजायचं आणि उष्णता टिकवणाऱ्या डब्यांतून वाटलं जायचं. दुधाच्या पुडिंगांची जी बदनामी झाली त्यात या प्रवासाचा वाटा मोठा आहे.

रव्याचं आणि तांदळाचं पुडिंग आपल्या शिऱ्या-खिरीसारखंच का?

रव्याच्या बाबतीत अजिबात नाही. रवा न भाजता थेट दुधात शिजवतात. तुपात खमंग भाजलेल्या रव्याचा वास ज्याला माहीत आहे, त्याला हे आजाऱ्याला द्यायच्या पेजेसारखं लागेल. मधोमध लाल जॅमचा एक चमचा टाकलेला असतो. इथे पोरांचे दोन पंथ: जॅम ढवळून सगळं गुलाबी करणारे आणि कडेकडेने रवा संपवून जॅम शेवटी खाणारे. ही आठवण विचारून पाहा, पंथ कोणता ते लगेच सांगतील.

तांदळाचं पुडिंग जवळचं आहे. आखूड, चिकट तांदूळ दुधात घालून ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजतात, वर तपकिरी खमंग साय धरते आणि त्यावर जायफळ किसतात. घरी नीट केलेलं असेल तर आपली खीर खाणाऱ्यालाही ते आवडतं. डबाबंद हवं असेल तर अँब्रोझियाचं मिळतं, डेव्हनमधल्या लिफ्टन गावचं. थंड, थेट डब्यातून चमच्याने खाणारेही आहेत.

‘मेलेल्या माणसाचा हात’ आणि ‘स्पॉटेड डिक’ ही काय भानगड?

पहिलं म्हणजे जॅम रोली-पोली. चरबीच्या पिठाची जाड पोळी लाटायची, जॅम पसरायचा, गुंडाळी करायची, कापडात बांधून उकडायची किंवा वाफवायची. पूर्वी ती जुन्या शर्टाच्या बाहीत घालून उकडत. पांढरट लांबोडकं रूप, टोकाला लाल जॅम गळतोय. नाव कसं पडलं ते सांगायला नको.

दुसरं त्याच पिठाचं, आत काळे बेदाणे. बाहेरून ठिपके दिसतात म्हणून स्पॉटेड. याची छापील कृती १८४९ मध्ये लंडनचे फ्रेंच शेफ अलेक्सिस सॉयर यांच्या पुस्तकात आली. ‘डिक’ या शब्दाचा आजचा अर्थ माहीत असलेल्यांनी हसायचं ते हसून घ्यावं, इथल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं आहे. २००९ मध्ये वेल्समधल्या फ्लिंटशर कौन्सिलच्या कॅन्टीनमध्ये गिऱ्हाइकांच्या चेष्टेला कंटाळून पदार्थाचं नाव ‘स्पॉटेड रिचर्ड’ केलं (डिक हे रिचर्डचंच लाडकं रूप). देशभर इतकी टिंगल झाली की जुनं नाव परत आणावं लागलं.

सुएट शाकाहारी असतं का?

नाही, आणि हा प्रश्न मराठी घरांनी नक्की विचारावा असा आहे. सुएट म्हणजे गाई-बैलाच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी. पूर्वी ती कसायाकडून आणून घरी किसावी लागे. मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या गॅब्रिएल ह्यूगॉन या फ्रेंच माणसाने १८९३ मध्ये किसलेली तयार चरबी विकायला काढली, तीच अटोरा. आज अटोराचीच वनस्पती तेलापासूनची आवृत्तीही दुकानात शेजारीशेजारी ठेवलेली असते, डब्यावर नीट वाचून घ्या. रेस्टॉरंटमध्ये मात्र विचारल्याशिवाय गृहीत धरू नका.

जेलीत आणि काही मूसमध्ये जिलेटिन असतं, तेही प्राण्यांपासूनचं. पावडरीचं कस्टर्ड निर्धोक. स्पंजमध्ये अंडं असतंच.

वेगवेगळ्या भागांत वेगळी पुडिंगं होती का?

होती, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. एकसारख्या सरकारी ताटातही प्रांताने डोकं वर काढलंच.

केंटमधल्या माणसाला विचारलंत तर तो जिप्सी टार्टबद्दल बोलेल. इव्हॅपोरेटेड (आटवलेलं, बिनसाखरेचं) दूध आणि गडद मस्कोवाडो साखर एकत्र करून दहा-पंधरा मिनिटं घुसळायची, फेस झाला की मैद्याच्या कवचात ओतून थोडाच वेळ भाजायची. शेपी बेटावरच्या एका बाईने भुकेल्या जिप्सी मुलांसाठी घरात होतं त्यातून हे केलं अशी दंतकथा आहे. चव इतकी गोड की दात शिवशिवतात. केंटबाहेर, अगदी शेजारच्या लंडनमध्येसुद्धा, कित्येकांनी हे नावही ऐकलेलं नसतं.

लँकेशरकडे मँचेस्टर टार्ट. मैद्याचं कवच, रास्पबेरी जॅमचा थर, वर घट्ट थंड कस्टर्ड, त्यावर सुकं खोबरं भुरभुरलेलं आणि मधोमध लाल चेरी. काही ठिकाणी आत केळ्याचे काप. खोबरं आणि केळं असल्यामुळे आपल्याला हे चटकन आवडतं. माझ्या ओळखीच्या मराठी घरांत सगळ्यात जास्त वेळा केलं जाणारं शाळेचं पुडिंग हेच आहे.

यॉर्कशरमध्ये ऱ्हुबार्ब. वेकफील्ड, मॉर्ली आणि रॉथवेल यांच्यामधल्या पट्ट्यात काळोख्या शेडमध्ये हे आंबट देठ हिवाळ्यात वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात काढतात, कारण प्रकाश लागला तर ते हिरवट आणि कडक होतात. २०१० पासून या ऱ्हुबार्बच्या नावाला युरोपीय कायद्याचं भौगोलिक संरक्षण मिळालं. शाळेत त्याचं क्रंबल व्हायचं: खाली शिजवलेले देठ, वर मैदा-लोणी-साखरेचा रवाळ थर. साखर कमी पडली की तोंड आंबायचं.

कॉर्नफ्लेक टार्ट मात्र सगळीकडे. जॅमवर सरबतात घोळलेले कॉर्नफ्लेक्स. सरबत म्हणजे गोल्डन सिरप, काकवीपेक्षा फिकं आणि सौम्य. स्कॉटलंडहून आलेल्या एब्रम लाइल यांच्या लंडनच्या कारखान्यात ते तयार झालं. हिरव्या-सोनेरी डब्यावर मेलेला सिंह आणि भोवती मधमाश्या असं चित्र १८८५ पासून चालत आलं आहे, बायबलमधल्या सॅमसनच्या गोष्टीतलं. खाण्याच्या डब्यावर मेलेलं जनावर छापायचं धाडस आज कोणी करणार नाही.

चॉकलेट ‘काँक्रीट’ खरंच तितकं कडक असतं?

असतं. कोको घातलेलं मिश्रण दाबून भाजलेला चौकोन तो. चमचा मारला की तुकडा उडून समोरच्याच्या ताटात जायचा, ही आठवण प्रत्येक जण स्वतःचीच म्हणून सांगतो. कस्टर्ड ओतून पाच मिनिटं थांबणं हा त्यावरचा उपाय.

वाळवलेल्या आलुबुखारांचं काय एवढं?

कस्टर्डमध्ये शिजवलेले प्रून्स यायचे. चव कोणालाच आवडायची नाही, पण बिया ताटाच्या कडेला लावून ‘टिंकर, टेलर, सोल्जर, सेलर, रिच मॅन, पुअर मॅन, बेगर मॅन, थीफ’ असं मोजायचं आणि शेवटची बी ज्यावर येईल तसं तुमचं भविष्य, किंवा मुलींसाठी होणारा नवरा. चार बिया मिळाव्यात की पाच, यावरून पोरं शेजाऱ्याच्या ताटातून एखादी ढापायची.

सगळ्यांच्या आठवणी गोडच आहेत का?

नाहीत, आणि हे जरा सविस्तर सांगते, कारण केकच्या दुकानातल्या पाट्या हे सांगत नाहीत.

ज्यांच्या घरी पैसे नव्हते त्यांना जेवण फुकट मिळे, पण बऱ्याच शाळांत त्यांची तिकिटं वेगळ्या रंगाची असत किंवा रांग वेगळी असे. सोमवारी सकाळी वर्गात जेवणाचे पैसे गोळा करताना कोण पैसे देत नाही ते सगळ्यांना दिसायचं. पात्र असूनही केवळ लाजेपोटी फुकट जेवण न घेणारी घरं होती. त्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसासमोर गुलाबी कस्टर्डचा विषय निघाला तर तो विषय बदलतो. मी पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट जबरदस्तीची. ताट संपल्याशिवाय उठायचं नाही असा नियम अनेक ठिकाणी होता. गार झालेल्या साबुदाण्यासमोर पूर्ण मधली सुट्टी बसून काढलेली माणसं आजही दुधाचा कुठलाही पदार्थ तोंडात घालत नाहीत. वाढणाऱ्या डिनर लेडी प्रेमळ असत तशा खमक्याही असत. एकूण हिशेब मांडला तर त्यांच्याबद्दल कृतज्ञताच जास्त ऐकू येते: शेवटचा तुकडा कोणासाठी बाजूला ठेवायचा हे त्यांना न विचारता कळायचं.

पन्नास-साठच्या दशकांत कॅरिबियन आणि भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना तर समोर काय ठेवलंय हेच कळायचं नाही. मांसाचं जेवण चालत नाही म्हणून बटाटे आणि पुडिंग एवढ्यावर दिवस काढलेले भारतीय वंशाचे आजोबा इथे भेटतात. त्यातल्या कित्येकांना आपण चरबीचं पुडिंग खात होतो हे मोठेपणी कळलं.

मग हे सगळं बंद कशामुळे झालं?

१९८० च्या शिक्षण कायद्याने. फुकट जेवणाला पात्र असलेली मुलं सोडली तर बाकीच्यांना जेवण द्यायचं बंधन शिक्षण मंडळांवर उरलं नाही. पोषणाचे निकष रद्द झाले, ठरावीक किंमतही गेली. १९८८ पासून कॅटरिंगच्या निविदा काढणं कौन्सिलांना सक्तीचं झालं. सगळ्यात स्वस्त कंत्राटदार आला आणि वाफवलेल्या पुडिंगची जागा चिप्स, बर्गर आणि पाकीटबंद बिस्किटांनी घेतली. तासन्‌तास वाफेवर ठेवायचा पदार्थ कंत्राटदाराला परवडत नाही, एवढं साधं कारण आहे.

२००१ मध्ये इंग्लंडमध्ये किमान निकष परत आले. २००५ मध्ये शेफ जेमी ऑलिव्हर यांनी टीव्हीवरून शाळेच्या जेवणाची लक्तरं काढली, त्यानंतर नियम आणखी कडक झाले.

आजच्या शाळेत पुडिंग मिळतं का?

मिळतं. इंग्लंडमध्ये जानेवारी २०१५ पासून जे निकष लागू आहेत त्यांनुसार निम्मं तरी फळ असलेलं गोड आठवड्यातून किमान दोनदा द्यावं लागतं, मैद्याच्या कवचाचे पदार्थ दोनपेक्षा जास्त वेळा देता येत नाहीत आणि चॉकलेट-गोळ्या चालत नाहीत. म्हणजे क्रंबल टिकलं, जिप्सी टार्ट क्वचित. तुकडे लहान, साखर कमी. जुने लोक त्यावरही कुरकुरतात.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून शाळेच्या पहिल्या तीन इयत्तांतल्या सगळ्या मुलांना शाळेचं जेवण मोफत आहे. लंडनमध्ये २०२३ पासून सरकारी प्राथमिक शाळांतल्या सगळ्यांनाच. मूल शाकाहारी असेल तर प्रवेशाच्या वेळीच लेखी कळवा आणि जेली, सुएट यांच्याबद्दल वेगळं विचारा. ‘शाकाहारी’ म्हटलं की मांस टाळलं जातं, पण गोडाकडे लक्ष जाईलच असं नाही.

आपल्या शाळेतल्या खिचडीशी याची तुलना होऊ शकते?

हेतू एकच, भुकेलं मूल शिकत नाही. भारतात ही योजना १९९५ मध्ये देशभर आली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न देणं सुरू झालं. पण ब्रिटनमध्ये पैसे भरणारी आणि न भरणारी मुलं एकाच टेबलावर होती. मध्यमवर्गही तेच जेवला, म्हणून पुढे त्याच्या आठवणी छापून आल्या आणि त्याचे केक विकले गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या खिचडीबद्दल तसं लिहिणारे अजून थोडेच आहेत. ते येतील.

हे सगळं नीट खायला कुठे मिळेल?

कॉट्सवोल्ड्समधल्या मिकलटन गावात थ्री वेज हाउस हॉटेलात १९८५ मध्ये ‘पुडिंग क्लब’ सुरू झाला, जुनी पुडिंगं हॉटेलांतून गायब होताहेत म्हणून. नावापुरतं जेवण, मग एकामागून एक सात पुडिंगं आणि शेवटी मतदान. संध्याकाळी काही न खाता जा.

खिशाला परवडणारा मार्ग म्हणजे कुठलंही सुपरमार्केट. व्हॅनिला स्पंज, वर पांढरं आयसिंग आणि रंगीत दाणे असा चौकोनी ‘स्कूल केक’ सगळीकडे मिळतो. स्पंजमध्ये गुंडाळलेलं आइस्क्रीम हवं असेल तर आर्क्टिक रोल घ्या. तो काढला चेक निर्वासित अर्नेस्ट वेल्डन यांनी, १९५८ मध्ये, ईस्टबोर्नला. इतका ब्रिटिश वाटणारा पदार्थ मुळात निर्वासिताचा, हे इथल्या लोकांना सांगितलं की चेहरे पाहण्यासारखे होतात.

भारतात घरी काय करून पाहता येईल?

काँक्रीट. अंडं नाही, सुएट नाही, परदेशी सामान नाही. २०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम साखर आणि ५० ग्रॅम कोको पावडर एकत्र करा. १०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी वितळवून त्यात घाला. मिश्रण भुसभुशीत, मुठीत दाबलं तर जेमतेम धरणारं होईल, तसंच हवं. पसरट टिनमध्ये वाटीच्या बुडाने जोर लावून दाबा, वर पाण्याचा हात फिरवून साखर भुरभुरा. १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. बाहेर काढल्याबरोबर, गरम असतानाच सुरीने चौकोन पाडा. गार झाल्यावर पाडायला गेलात तर सुरी मोडेल. वर स्ट्रॉबेरी कस्टर्ड.

जिप्सी टार्टच्या वाटेला जाऊ नका. इव्हॅपोरेटेड दूध आपल्याकडे सहज मिळत नाही, कंडेन्स्ड दुधाने ते होत नाही आणि गुळाच्या पावडरीने वेगळाच पदार्थ तयार होतो. चांगला लागतो, पण केंटचा माणूस त्याला हात लावणार नाही.

कस्टर्डवर साय धरू नये म्हणून काय करायचं?

अर्धा लिटरहून थोड्या जास्त दुधाला, म्हणजे एका पाइंटला, दोन मोठे चमचे पावडर. पावडर आधी थंड दुधात कालवून घ्या, गरम दुधात टाकली की गुठळ्या ठरलेल्या. उतरवल्यावर लगेच वर साखर भुरभुरा किंवा प्लॅस्टिकचा पातळ कागद थेट कस्टर्डला चिकटवून ठेवा. पाहुणा साठीच्या वरचा ब्रिटिश असेल तर मात्र यातलं काही करू नका. भांडं तसंच उघडं ठेवा आणि साय कोणाला हवी ते विचारून वाढा.